गुजंग कुणाकडून घ्यावं?

बेडोक, सिंगापूर
२० फेब्रुवारी २००५

ती. दीनानाथमामा,

नमस्कार. साष्टांग घालायला आमच्या हॉलमध्ये जागा उरलेली नाही, कारण तुमच्या भाचेजावयाने, शिरीषने, सोफा सरकवून जमिनीवर चिकटपट्ट्या मारून ठेवल्यात. तिथे गुजंग येणार आहे. तुम्ही फोनवर बोलत नाही. बोललेलं माणूस नाकारतो, लिहिलेलं नाकारता येत नाही, हे तुमचं ऑडिटच्या नोकरीतलं शहाणपण. म्हणून सगळं नीट लिहिते.

गुजंग हे चिनी तंतुवाद्य. माणसाएवढी लांब लाकडी पेटी, वर एकवीस तारा आणि प्रत्येक तारेखाली वेगळी घोडी. सतारीसारख्याच नख्या लावून वाजवतात, फक्त इथे त्या बोटाबोटाला चिकटपट्टीने बांधायच्या. आमच्या राधिकाची बोटं इतकी बारीक की मोठ्यांच्या नख्या वाजवता वाजवता निसटून पडतात.

शाळेच्या चायनीज ऑर्केस्ट्रात ती गेली तेव्हा मला वाटलं होतं, एकटी भारतीय पोर, आठवड्यात परत येईल. तीन वर्षं झाली, ती तिथेच रमली आहे. घरात ती किती कमी बोलते ते तुम्ही पाहिलंय. अभ्यासात मधली. पण गुजंगपुढे बसली की हीच का ती, असं वाटतं. आता सहावीत आहे. जुलैमध्ये एका चांगल्या माध्यमिक शाळेत ऑर्केस्ट्रासाठी निवड आहे आणि तिथे स्वतःचं वाद्य घेऊन जायचंय. पोरीने आजवर काही मागितलं नव्हतं, मामा. हे मागितलंय.

शनिवारी तिची शिकवणी असते कोह लाओशींकडे. लाओशी म्हणजे बाई. टोआ पायोला बाराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. मी कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून ऐकते. आठवड्यातला तेवढाच एक तास मी बँकेची बाई नसते.

तर अडचण अशी की लाओशी एकाच कारागिराचं नाव घेऊन बसल्यात. चीनमध्ये यांगझोऊला कुणी म्हातारा आहे म्हणे. त्याचंच घ्या, दुसऱ्या कुणाचं नको. त्याची जाहिरात नाही, कॅटलॉग नाही. दुकानातही आम्ही आपलं आपण जायचं नाही, त्या सोबत येणार. माझ्या ऑफिसातली मीनल म्हणते, शिकवणाऱ्यांचे दुकानदारांशी लागेबांधे असतात. मला चिनी अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे कुणी काहीही गळ्यात मारेल. तुम्ही आयुष्यभर लोकांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेऊन तानपुरे घेऊन दिलेत. खात्रीचा कारागीर ओळखायचा कसा ते सांगा.

तुमची नीता

*

मिरज
५ मार्च २००५

चि. नीता,

आशीर्वाद तुला जन्मतःच दिलेत, ते दर पत्रात नव्याने द्यायची गरज नाही. थेट मुद्द्यावर येतो.

वाद्य घेताना आधी वाद्य बघूच नये. ते दाखवायला आणलंय कोणी, त्याच्याकडे बघावं. यात याचं काय जातं आणि याला काय मिळतं, हे दोन प्रश्न मनात ठेवून दुकानात शिरायचं. मग बरंच काही आपोआप दिसायला लागतं. तुझी ही बाई एकाच माणसाचं नाव घेते, त्याचा पत्ता देत नाही आणि स्वतः सोबत येते. माझ्या नोकरीत असं कुणी वागला असता तर मी त्याचं कपाट उघडायला लावलं असतं. त्या कारागिराचं आडनाव विचार. घरातलाच कुणी निघेल.

दुसरं, नवं अजिबात घेऊ नकोस. नव्या लाकडाला आवाज नसतो, नुसता आरडाओरडा असतो. तुझ्या आईचा तानपुरा आठवतो ना? घेतला तेव्हा भोपळ्यातून घुमायचाही नाही धड. आता त्याची तबली, भोपळ्यावरची ती लाकडी फळी, अशी पिकली आहे की षड्ज लावला की अंगावर काटा येतो. ती गेल्यापासून माझ्याकडे आहे. आवाज घुमावा म्हणून घोडीची जवारी मी स्वतः बसून काढून घेतो. तुझ्या त्या पेटीलाही लाकडाचीच तबली असणार. जुनं, वापरातलं, मुरलेलं बघ.

राधिकाच्या गळ्याची पट्टी कोणती गं? काळी चार असावी. आणि उंची किती झाली? सहज विचारतो.

दीनानाथमामा

*

बेडोक
१७ एप्रिल २००५

ती. मामा,

तुमचे दोन प्रश्न पर्समध्ये घालून दुकानात गेले होते. आता झोप उडाली आहे.

चायनाटाउनमधल्या एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, बोळकांडीच्या टोकाला ते दुकान. भिंतीला टेकवून दहा-पंधरा गुजंग उभी होती. लाओशींनी बाकीच्यांकडे बघितलंही नाही. मागच्या खोलीतून म्हाताऱ्याची तीन काढायला लावली, तबलीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि एकावर हात ठेवून म्हणाल्या, "हे." मी विचारलं, जुनं नाही का मिळणार एखादं? त्या हसल्या. "नवंच घ्यायचं. दहा-बारा वर्षं छान वाजतं, मग आवाज जातो. ओल्ड वन इज फर्निचर, लाह!" दुकानदारही हसला. मग दोघं त्यांच्या तेओच्यू बोलीत बोलत बसले. मला एक शब्द कळला नाही.

आडनावाचं तुम्ही म्हणालात म्हणून मी राधिकाला आतला शिक्का वाचायला सांगितला. ऑर्केस्ट्रात राहून तिला थोडी अक्षरं येतात. म्हणाली, "लाओशींचंच आडनाव आहे, सेम कॅरेक्टर." आता इथे कोह, तान, लिम कितीतरी असतात, माझ्या मजल्यावरच पाच तान आहेत. तरी मनात पाल चुकचुकलीच.

आणि हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. आम्ही निघालो तेव्हा दुकानदाराने गल्ल्याखालच्या खणातून एक लाल पाकीट काढून लाओशींच्या हातात दिलं. लाल पाकिटात पैसे घालून इथे चिनी नववर्षाला देतात, आणि ते तर फेब्रुवारीतच झालं. लाओशींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाकीट न उघडता पिशवीत टाकून चेन ओढली.

मी म्हटलं, विचार करून सांगते. राधिका येताना एमआरटीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती.

नीता

*

मिरज
३० एप्रिल २००५

चि. नीता,

वाचून बरं वाटलं असं म्हणणार होतो, पण ते बरं दिसत नाही. तरी सांगतो, मला बरं वाटलं. म्हातारा झालो तरी नाक शाबूत आहे.

भाकरी शिळी होते, दूध नासतं. वाद्य शिळं झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. हे कुणी सांगावं? ज्याला दर दहा वर्षांनी नवं विकायचंय त्याने. आडनाव एक, पाकीट लाल, आणि वर तुला हसतात! एवढं डोळ्यांसमोर घडून तू "विचार करून सांगते" म्हणून आलीस हीच तुझी हुशारी, बापाच्या वळणावर गेली असतीस तर पेटी उचलूनच आणली असतीस.

जुनं शोध. देश सोडून जाणारी माणसं चांगल्या वस्तू काढतात. बाईला आधी कळू देऊ नकोस, नाहीतर ती त्यातही माणूस घुसवेल.

पट्टी कळवली नाहीस.

मामा

*

बेडोक
२९ मे २००५

ती. मामा,

घेतलं! ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोतलं कुटुंब ऑस्ट्रेलियाला चाललंय, त्यांनी सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती. त्यांच्या आजीचं गुजंग, पंचवीस वर्षांपूर्वीचं, नावाजलेल्या कारागिराचं. काळंभोर लाकूड, कडेला शिंपल्याचं नक्षीकाम, तबली मधासारखी पिवळी पडलेली. शिरीष आणि त्याचा मित्र मुकुल यांनी व्हॅनमधून आणलं. मुकुल म्हणाला, वहिनी, हे वाजवू नका, नुसतं बघत बसा. तुम्ही असतात तर मांडी घालून पुढ्यात बसला असतात.

राधिकाने सगळ्या तारा लावल्या, थोडं वाजवलं आणि म्हणाली, "इट्स ओके." तिचं ओके म्हणजे काय ते मला अजून कळत नाही. सवय होईल म्हटलं.

लाओशींना मी मुद्दाम घरी बोलावलं. चोरून का करायचं? त्या आल्या, खालची एक जाड तार छेडली, आवाज विरेपर्यंत तळवा तबलीवर दाबून धरला. मग विचारलं, "हू चूज?" मी सांगितलं, माझे मामा, त्यांचं सगळं आयुष्य वाद्यांत गेलंय. त्या म्हणाल्या, "ही सॉ?" मला राग आला. इतके दिवस जे गिळून बसले होते ते बाहेर पडलं. म्हटलं, त्यांनी पाहिलं नसेल, पण दुकानात तुमचं काय चालतं ते मी पाहिलंय. तुमचा कारागीर, तुमचं दुकान, तुमचं पाकीट, आम्ही कशाला मध्ये?

त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चपला घातल्या. राधिका त्यांना लिफ्टपर्यंत पोचवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा मी तिला बजावलं, यापुढे त्यांच्याकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही, शिकवणी बंद. निवडीपुरता सराव ती घरीच करेल, धून तर बसलेलीच आहे.

मी बरोबर केलं ना? तुम्ही लिहा, म्हणजे मला जरा धीर येईल.

नीता

*

मिरज
११ जून २००५

चि. नीता,

बरोबरच केलंस. फसवणारा माणूस नेहमी गप्पच बसतो.

आता पोरीला फार ताणू नकोस. निवड झाली तर उत्तम. नाही झाली तरी आभाळ कोसळत नाही. ती वाद्यं त्यांची, त्यांच्या कानाला काय गोड लागतं ते त्यांनाच ठाऊक. आपल्याकडे गाणं आहेच की. तुझ्या आईच्या तानपुऱ्याला मी परवा नवी गवसणी शिवून घेतली, खणाची. खुंट्याही बदलल्या.

पट्टी आणि उंची अजून कळवली नाहीस.

मामा

*

बेडोक
२४ जुलै २००५

मामा,

राधिकाची निवड झाली नाही.

मी दाराबाहेर उभी होते. तिचं पहिलंच आवर्तन, जे लाओशींकडे वाजायचं तेव्हा मी स्टुलावर पुढे सरकून ऐकायचे, ते कुणी रजईखाली वाजवावं तसं येत होतं. ती जोर लावत होती. मग एक नखी निसटली. ती थांबली, नखी उचलून पुन्हा बांधली आणि शेवटपर्यंत वाजवलं. त्यांचे ऑर्केस्ट्राचे सर स्वतः बाहेर आले. चांगला माणूस. म्हणाले, मुलीचा हात चांगला आहे, पण हे वाद्य केव्हाच संपलंय. गुजंगची तबली फार हलक्या लाकडाची असते आणि एकवीस तारांचा ताण दिवसरात्र तिच्यावर. काही वर्षांनी ती दमते. जुनी गुजंग लोक शोभेला ठेवतात. "हिची टीचर कुठे आहे? टीचरने हे आणू कसं दिलं?"

मी त्यांचे आभार मानले आणि राधिकाला घेऊन निघाले.

घरी आल्यावर राधिकाने कपाटातून एक लाल पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात नख्या होत्या, मामा. लहान बोटांच्या. इथे मिळत नाहीत म्हणून लाओशींनी दुकानदाराला सांगून चीनहून मागवल्या होत्या. निवडीआधी द्यायच्या, शुभ म्हणून लाल पाकिटात घातलेल्या. त्या दिवशी लिफ्टपाशी त्यांनी त्या दिल्या. आणि मी पाच मिनिटांनी सांगितलं, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. म्हणून पोरीने लपवल्या, आणि निवडीला मोठ्या निसटणाऱ्या नख्या बांधून गेली. मी म्हटलं, अगं, मला सांगायचंस ना, गुजंग वाजत नाहीये हे तरी सांगायचंस! ती म्हणाली, "यू नेव्हर आस्क मी, आई. यू ओन्ली आस्क मामाआजोबा."

मग मी तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. तुम्हीच शिकवलंत, वाद्याकडे नाही, दाखवणाऱ्याकडे बघावं. यात याला काय मिळतं ते विचारावं. तर विचारते. राधिकाची पट्टी तुम्हाला कशाला हवी होती? उंची कशाला? तानपुऱ्याला नवी गवसणी कोणासाठी? गुजंग वाजलं नाही तर पोर गाण्याकडे वळेल, यात कुणाचा फायदा होता, मामा? लाओशींवर मी संशय घेतला तो चुकीच्या माणसावर घेतला का?

लिहिलेलं नाकारता येत नाही. म्हणून लिहूनच उत्तर द्या.

नीता

*

मिरज
१० ऑगस्ट २००५

चि. नीता,

तुझं पत्र वाचून चार दिवस रागात होतो. मग राग गेला आणि लाज राहिली.

तानपुरा राधिकासाठीच ठेवला होता. माझ्या बहिणीचा गळा तुझ्यात आला नाही, तो नातीत येईल असं मनात घेऊन बसलो होतो. पोरगी गाते का नाही, तिला गायचंय का, हे मीही कधी विचारलं नाही. पट्टी विचारत राहिलो, आणि तानपुरा तिच्या हाताला येईल का म्हणून उंची.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी लिहिली नव्हती, म्हणून नाकारता आली असती. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी गल्लीत रवींद्रला ते वाचून दाखवलं होतं. तो तानपुरे करतो, त्याचा बाप करायचा. तो म्हणाला, काका, त्या लाकडाचं आपल्याला काय कळतं? आपल्या लाकडाचा कायदा तिथे लागू होईलच असं नाही, बनवणाऱ्यालाच विचारायला सांगा. मी त्यातला एक शब्द तुला कळवला नाही. गुजंग मुद्दाम बिघडावं असं माझ्या मनात नव्हतं. पण ते चांगलं निघावं असंही नव्हतं. यातलं किती मला तेव्हा कळत होतं, हे आता माझं मलाच सांगता येत नाही.

तुला संशय घ्यायला मी शिकवलं. कुठे थांबायचं ते शिकवायचं राहिलं, कारण ते मलाही येत नाही.

तानपुरा मी इथल्या विनीताला दिला. ती रोज पहाटे रियाजाला बसते, तिच्याकडे तो बोलेल. जा, त्या बाईंकडे जा. त्या म्हणतील त्याच म्हाताऱ्याचं, नवं, घे. आणि आवाज कसा आहे ते मला कळव.

दीनानाथ

*

बेडोक
२ ऑक्टोबर २००५

ती. मामा,

तुम्ही पत्राखाली नुसतं दीनानाथ लिहिलंत ते मला आवडलं नाही. तुम्ही मामाच आहात. राग आहे, तो राहील काही दिवस.

लाओशींकडे गेले. त्यांनी लोखंडी जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच ऐकलं. मी माफी मागितली, नख्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या दुकानात या, मुलीला आणा. दुकानात पुन्हा ती टकटक, पुन्हा कान लावणं. या वेळी त्यांनी राधिकालाही कान लावायला सांगितला. धीर करून मी विचारलं, हा कारागीर तुमच्या नात्यातला का? त्या खरंच बुचकळ्यात पडल्या. म्हणाल्या, मी त्याला कधी बघितलेलंही नाही. इतक्या वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांनी घेतलेली गुजंग तारा बदलायला माझ्याकडे परत येतात. कुणाची तबली पाच वर्षांत दमून खाली बसते, कुणाची आठ. याची सगळ्यात शेवटी बसते. म्हणून हा.

म्हणजे कारागीर कसा निवडायचा, हे मी तुम्हाला विचारलं होतं त्याचं उत्तर टोआ पायोलाच होतं. मी त्यांनाही विचारलं नव्हतं.

राधिकाने हात फिरवून म्हाताऱ्याच्या त्या तीन गुजंगांतलं एक निवडलं. लाओशींनी मान हलवली. ते आता त्या चिकटपट्ट्यांवर उभं आहे. जुनं गुजंग खिडकीखाली आहे, शिरीष त्यावर कुंड्या ठेवतो. ती निवडीची शाळा आता नाही. सहावीच्या परीक्षेत जे मार्क पडतील त्यावर जी मिळेल ती. मला त्या शाळेवरून बस गेली तरी वाईट वाटतं.

शिकवणीचं विचारलं तेव्हा लाओशी म्हणाल्या, "राधिका कॅन कम. यू कॅनॉट." मी म्हटलं, मी कोपऱ्यात बसते, बोलत नाही. तर म्हणाल्या, तुम्ही ऐकत नाही, माझ्या हातांकडे बघता, मी पिशवीत काय टाकते ते बघता. असं शिकवता येत नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता.

तर आता शनिवारी राधिका नख्यांचं लाल पाकीट खिशात घालून लिफ्टने वर जाते आणि मी त्यांच्या इमारतीखालच्या दगडी टेबलाशी बसते. बाराव्या मजल्यावरचं खाली काही ऐकू येत नाही, मी ऐकायचा प्रयत्न करून पाहिला. घरी ती दार लावून वाजवते. तुम्ही विचारलंत आवाज कसा आहे. दारातून जेवढा येतो तेवढा गोड आहे. त्यापुढचं मला माहीत नाही.

यापुढे वाद्याचं काही विचारायचं असेल तर मला लिहू नका, तिला लिहा. तिचं मराठी अडखळतं, अर्धं इंग्रजी येईल. पण मामाआजोबांनी विचारलं तर उत्तर देईन म्हणाली. मी तिला आधी विचारलं.

तुमची नीता